प्रतीक्षेचा जाच आणि पुराव्याचा जाच

एखाद्या साधनाचा इतिहास लिहिताना त्याच्या शोधाची तारीख, शोधकाचे नाव आणि त्याने समाजात घडवलेली उलथापालथ एवढ्यांचीच नोंद करण्याचा शिरस्ता आहे. ते साधन हाताळणाऱ्या सामान्य माणसाला त्यापासून रोज कोणते सुख लाभले आणि रोज कितीदा त्याने कपाळाला हात लावला, याची बारनिशी सहसा कोणी ठेवीत नाही. इंटरनेटच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. महाराष्ट्रात ते नागरिकांच्या घरात येऊ लागल्याला आता तीन दशके झाली, आणि एवढ्या अवधीत त्याची सुखे इतक्या वेगाने अंगवळणी पडली, की ती कधीकाळी अपूर्वाईची होती याचेही विस्मरण झाले. त्याचे त्रास मात्र वेष पालटून सोबतीला राहिले. या त्रासांकडे क्रमाने पाहिले असता त्यांचे दोन कालखंड स्पष्ट पडतात. पहिल्यात यंत्र माणसाला ताटकळत ठेवीत होते. दुसऱ्यात ते त्याच्याकडे दाखले मागू लागले. पहिला जाच कसा सरला आणि दुसरा का सरत नाही, हे पाहण्याजोगे आहे.

मुंबईत या साधनाचे पहिले पाऊल पडले ते विद्वानांच्या वर्तुळात. १९८६-८७ च्या सुमारास जुहूचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि पवईचे आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून ई-मेलची देवघेव सुरू झाली. परंतु तो व्यवहार संशोधनसंस्थांच्या आवाराबाहेर गेला नाही. सामान्य नागरिकासाठी दार उघडले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाने. मुहूर्त स्वातंत्र्यदिनाचा साधला होता. स्वातंत्र्य मात्र तासांच्या हिशेबाने मिळत होते. वैयक्तिक ग्राहकाला २५० तासांसाठी ५,००० रुपये मोजावे लागत, आणि एवढे मोजूनही विद्यार्थी किंवा हौशी गृहस्थाच्या वाट्याला पुष्कळदा केवळ अक्षरांचा काळा पडदा येई. चित्रांसह संपूर्ण जाळे पाहण्याची सोय त्याहून महाग होती. शिवाय निगमाचे शुल्क वेगळे आणि टेलिफोन खात्याचे बिल वेगळे. जोडणी टिकून असेतोवर टेलिफोनचा मीटर चालूच राही, त्यामुळे एक पान उघडण्याची वाट पाहणारा माणूस वस्तुतः आपल्या प्रतीक्षेचेच पैसे दोन ठिकाणी भरीत असे.

त्या प्रतीक्षेचे स्वरूप आज वीस वर्षांच्या तरुणाला समजावून सांगणे कठीण आहे. मोडेमचे बटण दाबावे, त्यातून प्रथम टेलिफोनचा ओळखीचा सूर, मग शिट्ट्या, मग खरखर आणि अखेरीस एकाएकी शांतता, असा क्रम पार पडला म्हणजे जोडणी लागली असे समजावे. पलीकडची लाईन व्यस्त असेल तर हा सगळा विधी प्रारंभापासून पुन्हा करावा. जोडणी लागल्यावर छायाचित्र वरून खाली पट्टीपट्टीने उतरे, चेहऱ्याचे कपाळ दिसल्यापासून हनुवटी दिसेपर्यंत चहा पिऊन होई, आणि हनुवटी दिसण्याच्या बेतात असताना घरातील कोणी आतल्या खोलीतला रिसीव्हर उचलला, तर सारे मुसळ केरात जाई. म्हणून जाणती मंडळी रात्री अकरानंतर, घरचे निजल्यावर आणि कॉलचे दर उतरल्यावर बसत. या त्रासाच्या पोटातच त्या काळाचे सुख होते. मुलगा न्यू जर्सीला किंवा कॅलिफोर्नियाला असलेल्या दादर-पुण्याच्या आईवडिलांना हवाई टपालाचे निळे पत्र पोहोचायला दहा-बारा दिवस लागत. तेच कुशल रात्री पाठवून सकाळी उत्तर मिळू लागले तेव्हा, चित्र उतरायला पाच मिनिटे लागतात म्हणून कुरकुर करण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी हॉटमेल सुरू केले आणि कोणत्याही यंत्रावरून फुकट पत्र धाडण्याची सोय झाली, तेव्हा हे सुख ज्याच्या घरी संगणक नाही त्याच्याही आवाक्यात आले. पेटीत अवघी दोन मेगाबाइट जागा असे, त्यामुळे कोणते पत्र ठेवावे आणि कोणते पुसावे याचा निवाडा दर आठवड्याला करावा लागे. पण निदान तो निवाडा ज्याचा तो करीत असे.

प्रतीक्षेचा हा अंमल निगमाची मक्तेदारी असेपर्यंत टिकला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ग्राहकाला ताटकळत ठेवण्याने निगमाचे काही बिघडत नव्हते, कारण त्याला जायला दुसरे दार नव्हते. नोव्हेंबर १९९८ मध्ये शासनाने खासगी कंपन्यांना या व्यवसायात उतरण्याची मुभा दिली, आणि ताटकळलेला ग्राहक शेजारच्या दुकानात जाऊ लागल्याबरोबर तासाचा दर उतरू लागला, वेग वाढू लागला. ताटकळणे ग्राहकाच्या खात्यातून विक्रेत्याच्या खात्यात नावे पडू लागले तेव्हाच ते कमी झाले.

अशा नव्याने उघडलेल्या दारांपैकी सर्वांत लोकाभिमुख दार म्हणजे सायबर कॅफे. या व्यवसायाचा सविस्तर इतिहास लिहिला जायला हवा, कारण नव्वदीच्या अखेरीस उदयास येऊन पुढच्या दीड दशकात तो जवळजवळ अस्तास गेला. एसटी स्टँडजवळचा किंवा कॉलेजच्या रस्त्यावरचा एखादा गाळा, त्यात प्लायवूडच्या आडोशांनी पाडलेले पाच-सहा कप्पे, दाराशी काढलेल्या चपला, वीज जाताच कोकलू लागणारा यूपीएस, आणि गल्ल्यावर एक दोनशेपानी वही, जिच्यात नाव, येण्याची वेळ आणि जाण्याची वेळ असे तीन रकाने आखलेले. प्रारंभी तासाचा दर साठ-सत्तर रुपयांपर्यंत असे. स्पर्धा वाढत गेली तसा तो वीसवर आणि काही गावांत त्याखालीही आला. चालक बहुधा गावातलाच पदवीधर तरुण असे आणि त्याचे खरे उत्पन्न तासांवर नसून छपाईवर असे. कारण येणाऱ्यांपैकी निम्म्यांना यंत्राला हात लावायचाच नसे, त्यांना फक्त "एवढा फॉर्म भरून द्या" एवढेच हवे असे. पूर्वी कचेरीच्या बाहेर झाडाखाली बसणारा अर्जनवीस जे काम करी तेच हा तरुण पंख्याखाली बसून करीत होता.

दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी या गाळ्याला जे रूप येई ते पाहण्यासारखे असे. दुपारी एकला निकाल लागणार म्हटले की साडेबारापासून पोरे आणि त्यांचे पालक दाराशी दाटी करीत, एक वाजता साऱ्या महाराष्ट्राने एकाच पत्त्यावर एकदम धाव घेतल्याने संकेतस्थळ मान टाकी, चालक एकामागून एक बैठक क्रमांक टाकीत राही आणि मागून "लागला का? लागला का?" असा तगादा सुरू असे. तेवढ्यात एखाद्याचे पान उघडे, छपाईयंत्र करकरत कागद बाहेर टाकी आणि तो कागद हातोहात पुढे जाई, तोवर टक्केवारी सगळ्यांना पाठ झालेली असे. निकालाच्या संकेतस्थळावर क्रमांकाबरोबर आईचे नाव विचारले जाऊ लागले, आणि आयुष्यभर वडिलांच्या नावाने ओळखल्या गेलेल्या मुलांना त्या गर्दीत आईचे नाव मोठ्याने सांगावे लागले. शासकीय पुराव्याने क्वचितच साधलेला हा एक गोड न्याय होय. पुराव्याची पुढची मागणी इतकी गोड नव्हती. एप्रिल २०११ मध्ये केंद्र शासनाने सायबर कॅफेंसाठी नियम जारी केले. त्यांन्वये प्रत्येक ग्राहकाचे ओळखपत्र तपासणे, त्याच्या वापराची नोंद किमान एक वर्ष जपणे आणि कप्प्यांचे आडोसे साडेचार फुटांहून उंच न ठेवणे बंधनकारक झाले. तीन रकान्यांची वही अशा रीतीने सरकारी दफ्तर झाली. तोवर खिशातल्या फोनवर जाळे येऊ लागले होते, आणि ज्या धंद्याचे गिऱ्हाईकच घरी बसू लागले त्याला नियमांचा हा बोजा पेलवण्यासारखा नव्हता. गाळे झेरॉक्स, आधार नोंदणी आणि मोबाइल रिचार्जकडे वळले.

या पहिल्या कालखंडात मराठी वाचकाच्या वाट्याला एक खास जाच आला होता, ज्याची इंग्रजी वाचकाला कल्पनाही नसेल: पान उघडले तरी ते वाचता येत नसे. प्रत्येक वृत्तपत्राने आणि प्रत्येक कंपनीने देवनागरी अक्षरांसाठी आपापला फॉन्ट आणि आपापली सांकेतिक रचना वापरली होती. एका दैनिकाचा फॉन्ट उतरवून घ्यावा, तर दुसऱ्या दैनिकाचे पान इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांच्या निरर्थक माळेसारखे दिसावे, मित्राला मराठीत लिहिलेले पत्र पाठवावे, तर त्याने "फॉन्ट कोणता?" असे उलट टपाली विचारावे. कंटाळून पुष्कळांनी रोमन लिपीत मराठी लिहिण्याची जी सवय लावून घेतली ती आजतागायत सुटलेली नाही. वास्तविक उपाय अस्तित्वात होता. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचे प्रमाण १९८८ सालीच तयार झाले होते, त्याच वर्षी स्थापन झालेली पुण्याची सी-डॅक ही संस्था भारतीय लिप्यांच्या कामात पुढे होती, आणि त्या प्रमाणाच्या आधारे देवनागरीला १९९१ च्या पहिल्या युनिकोडमध्ये जागा मिळाली होती. परंतु सामान्य संगणकात ही युनिकोड देवनागरी उतरायला २००० साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या विंडोजमध्ये 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट आला. तो घडवणारे र. कृ. जोशी हे मुंबईचे ख्यातनाम सुलेखनकार आणि कवी. त्यानंतरही लहानसहान कुचंबणा उरलीच. पाऊणअक्षरी 'ऱ्य' नीट उमटत नसल्याने स्वयंपाकघरातल्या 'आचाऱ्यांना' निष्कारण 'आचार्य' ही पदवी मिळत असे, आणि पाठवणाऱ्याच्या पडद्यावर शुद्ध दिसणारे वाक्य घेणाऱ्याच्या पडद्यावर रिकाम्या चौकोनांची रांग होऊन पोहोचत असे.

दैनिकांनी आपापले फॉन्ट अखेर का सोडले, याचे कारण पाहिले म्हणजे या इतिहासाचे मर्म हाती लागते. वाचकांच्या तक्रारी अनेक वर्षे येत होत्या आणि त्यांची दाद लागत नव्हती. परंतु शोधयंत्रांना खासगी सांकेतिक रचनेतला मजकूर वाचता येत नाही, सबब आपली बातमी शोधणाऱ्याला सापडत नाही आणि वाचक शेजाऱ्याच्या अंगणात जातो, हे ध्यानात आल्यावर एकेका दैनिकाने युनिकोडचा स्वीकार केला. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया तर आरंभापासून खुल्या प्रमाणावर उभा होता. येथेही जाच सरला तो लादणाऱ्याला त्याची झळ पोहोचल्यावरच.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने डेटा जवळजवळ फुकट वाटायला आरंभ केला आणि पहिल्या कालखंडावर पडदा पडला. ज्याने एकेकाळी एका छायाचित्रासाठी चहा संपवला तोच आता घाटात, एसटीच्या खिडकीशी बसून चित्रपट पाहू लागला. विपुलता आली; आणि विपुलतेच्या पाठोपाठ चौक्या आल्या. पेशवाईत माल घेऊन घाट चढणाऱ्या व्यापाऱ्याला चौकीचौकीवर दस्तक दाखवून पुढची वाट मोकळी करून घ्यावी लागे, तशीच आजच्या नागरिकाची एका पानावरून दुसऱ्या पानावर जातानाची अवस्था आहे. फरक एवढाच की, दस्तक व्यापाऱ्याला अनोळखी माणूस मागे, आणि इथे ज्याने आपल्याला शंभरदा पाहिले आहे असे यंत्र मागते.

या चौक्यांपैकी सर्वांत जुनी चौकी संकेतशब्दाची. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीत एकच मोठा संगणक अनेकांनी वाटून वापरायचा होता, तेव्हा प्रत्येकाचे कागदपत्र वेगळे राहावे म्हणून फर्नांडो कोर्बाटो यांच्या चमूने १९६० च्या दशकाच्या प्रारंभी ती बसवली. आणि १९६२ साली एका संशोधक विद्यार्थ्याने, वाट्याला आलेला वेळ पुरत नाही म्हणून, सगळ्यांच्या संकेतशब्दांची यादी छापून घेऊन ती चुकवली. म्हणजे कुलूप आणि त्याची चोरकिल्ली एकाच पाळण्यात वाढली. पुढे २००३ साली अमेरिकेच्या प्रमाण संस्थेतील बिल बर यांनी एक मार्गदर्शिका लिहिली. तिच्यातून एक मोठे अक्षर, एक अंक, एक चिन्ह आणि ठरावीक मुदतीने बदल, हा आज प्रत्येक बँकेत ऐकू येणारा मंत्र जगभर पसरला. २०१७ मध्ये, निवृत्तीनंतर, स्वतः बर यांनी आपल्या त्या सल्ल्यातील बऱ्याच भागाबद्दल खेद व्यक्त केला, आणि त्याच वर्षी संस्थेने मुदतीने बदल करण्याचा आग्रहही सोडून दिला. उपदेशकाने उपदेश मागे घेतला. तरी "आपला संकेतशब्द बदलण्याची मुदत संपली आहे" हे फर्मान सुटायचे थांबले नाही, आणि फ्रीजच्या दारावर किंवा पासबुकाच्या शेवटच्या पानावर तो लिहून ठेवणारे निवृत्त गृहस्थही कमी झाले नाहीत.

दुसरी चौकी माणूसपणाची. स्वयंचलित प्रणाली शोधयंत्रात बनावट पत्ते भरतात, म्हणून १९९७ मध्ये अल्टाव्हिस्टाने वेडीवाकडी अक्षरे ओळखण्याची अट घातली. काही वर्षांतच कार्नेगी मेलन विद्यापीठात मॅन्युएल ब्लम, लुईस फॉन आन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला शास्त्रशुद्ध रूप आणि 'कॅप्चा' हे नाव दिले. २००७ साली तिची जी नवी आवृत्ती आली ती मोठी चतुर होती. तीत दोन शब्द दाखवले जात: एक यंत्राला ठाऊक असलेला, दुसरा जुन्या छापील कागदांतून यंत्राला न वाचता आलेला. ओळखीच्या शब्दाने तुमची परीक्षा होई, अनोळखी शब्द तुम्ही फुकट वाचून देत असा; न्यूयॉर्क टाइम्सचे जुने अंक अशा रीतीने जगाच्या वेठबिगारीने वाचून निघाले. २००९ मध्ये गूगलने ती प्रणाली विकत घेतली, आणि पुढे अक्षरांच्या जागी घरांचे क्रमांक आले, मग वाहतुकीचे दिवे आणि झेब्रा क्रॉसिंग. नांदेडच्या शेतकऱ्याने अमेरिकी शहराच्या छायाचित्रातला अग्निशामक नळ ओळखल्यावाचून त्याला माणूस मानू नये, हा न्याय जितका हास्यास्पद आहे तितकाच बोधप्रद आहे. कारण पुरावा देणे हे श्रम आहेत आणि ते श्रम कोणाच्या तरी खात्यावर जमा होतात, हे त्याच्याइतके उघड अन्यत्र कुठे दिसत नाही.

तिसरी चौकी संमतीची. एकच ग्राहक पुन्हा आला आहे हे दुकानाला कळावे, एवढ्याच हेतूने नेटस्केपच्या लू माँटुली यांनी १९९४ मध्ये 'कुकी' हा इवला टिपणकागद शोधून काढला. जाहिरातदारांनी त्याचा पाळतीसाठी उपयोग केला. युरोपीय कायद्याने पाळतीपूर्वी संमती घेण्याचे बंधन घातले, आणि मे २०१८ मध्ये ते अधिक कडक झाले. परिणाम असा की पाळत थांबली नाही, प्रत्येक पानाच्या तळाशी एक अर्ज तेवढा चिकटला, ज्यातला होकार ठसठशीत रंगात असतो आणि नकार तीन पायऱ्या उतरून शोधावा लागतो. शनिवार पेठेत बसून बातमी वाचणाऱ्यालाही ब्रुसेल्सच्या कायद्याची ही दक्षिणा चुकत नाही.

न्यायबुद्धीने सांगायचे तर काही चौक्यांनी खरे रक्षण केले आहे. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून कार्डावर न छापलेली आणखी एक खूण पटवल्याखेरीज ऑनलाइन खरेदीस मनाई केली, आणि त्यातून पुढे रूढ झालेल्या ओटीपीने असंख्य खाती वाचवली असतील. सुखेही थोडी नाहीत. ज्या सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या सज्जाला तीन खेपा घालाव्या लागत, तो १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीसह घरबसल्या मिळू लागला. ज्या आरक्षणासाठी पहाटे चारला स्टेशनवर रांग लावावी लागे, ते ३ ऑगस्ट २००२ पासून घरून करता येऊ लागले, जरी प्रारंभी छापील तिकीट कुरिअरनेच यावे लागे. परंतु सातबाऱ्याच्या पानावर आज कॅप्चा आहे, तत्कालच्या तिकिटासाठी दहाच्या ठोक्याला बोटे सरसावून बसणाऱ्यापुढे एकामागून एक चौक्या आहेत, आणि ओटीपी नेमका रेंज नसलेल्या क्षणी येतो. सेतू केंद्राच्या खिडकीतून येणारे "सर्व्हर डाउन आहे, उद्या या" हे वाक्य तर महाराष्ट्राच्या प्रशासकीय भाषेत कायमचे दाखल झाले आहे.

पुराव्याचा जाच प्रतीक्षेच्या जाचाहून विषम आहे. मोडेमपुढे बसलेला कारखानदार आणि त्याचा कारकून दोघेही सारखेच ताटकळत. दाखल्यापुढे मात्र ज्याच्याकडे सर्व कागद जुळलेले आहेत तो क्षणात पार होतो, आणि ज्याचे नाव एका कागदावर 'विठ्ठल' तर दुसऱ्यावर 'विठल' आहे तो वर्षभर खेटे घालतो. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी दिला गेला, ज्यांच्याजवळ कोणताही कागद नाही त्यांना ओळख मिळावी या आशेने; आणि आज रेशनच्या यंत्रावर ज्यांचे ठसे जुळत नाहीत त्यांत ऊस तोडून, दगड फोडून बोटांच्या रेषा झिजलेली माणसे असतात.

प्रतीक्षा सरली, कारण ती लादणाऱ्यालाच अखेर महाग पडली. फॉन्टचा गोंधळ मिटला तोही त्याच कारणाने. पुराव्याच्या बाबतीत हिशेब उलटा आहे. इथे तपासणीचे काम, खर्च आणि चुकीची जोखीम ही सारी यंत्राच्या मालकाकडून निघून नागरिकाच्या माथी येते, आणि वर नागरिकाने दिलेली माहिती मालकाच्या तिजोरीत पडते. मग त्याने चौकी का उठवावी? तंत्र सुधारले म्हणजे हा त्रासही आपोआप जाईल, असे मानणाऱ्यांनी मागील तीस वर्षांचा हा दाखला पाहावा. नागरिकाचा वाया गेलेला वेळ आणि नाकारला गेलेला हक्क ज्या दिवशी कंपनीच्या वा कचेरीच्या खर्चाच्या बाजूला मांडला जाईल, मग तो स्पर्धेने मांडला जावो की कायद्याने, त्या दिवसापासून चौक्या विरळ होऊ लागतील. तोवर प्रत्येक नव्या सोयीबरोबर, ती मागायला आलेला माणूस खराच तो माणूस आहे काय, हे सिद्ध करण्याची एक नवी तसदी येतच राहील.